मत नाही, म्हणून नोट

५ नोव्हेंबर, मंगळवार
दत्ताला चिन्ह मिळालं. ढोबळी मिरची. मागितली होती खुर्ची. मंडपवाला माणूस, दुसरं काय मागणार. पण खुर्ची दुसऱ्या एका अपक्षाला गेली. दुपारी माझ्या गिरणीवर आला आणि पालथ्या डब्यावर बसून राहिला.
"अशक्या, आपल्या मुळशीत भात पिकतो. ढोबळी लावतो कोण?"
मी म्हणालो, निदान तिखट नाही, कुणाला झोंबणार नाही. मग हसला.
चौथीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. पुढं तो लग्नाकार्याला मंडप, खुर्च्या, भांडी भाड्यानं देऊ लागला, मी गिरणी टाकली. आता आमदारकीला उभा आहे, दोन मोठ्या पक्षांच्या मधे. का, ते त्याला नीट सांगता येत नाही. "मंडप मी घालायचा आन् भाषण कायम दुसऱ्यानं ठोकायचं. किती वर्सं?" एवढंच म्हणतो.
प्रचाराला पैसा नाही, म्हणून दारोदार वर्गणी. कुलपाचा पत्र्याचा डबा माझ्या हाती दिला. "तू पंचशील पाळणारा. तू खोटं बोलत न्हाईस, हे धरणाच्या दोन्ही अंगाला ठावं हाय. लोक तुलाच देतील."
पहिली नोट मीच टाकली.
त्याचा मेव्हणा किसन प्रचारप्रमुख. त्याचं गणित सोपं. जो खिशातली नोट देतो तो मत दुसरीकडं देत नाही. एक नोट म्हणजे एक घर, एक घर म्हणजे चार मतं.

६ नोव्हेंबर
सकाळी गंगूआत्या तांदूळ दळायला आली. डबा दिसताच कनवटीची नोट काढून आत टाकली.
मी सहज विचारलं, "आणि मत, आत्या?"
"मत न्हाई रं बाबा. मत त्या दुसऱ्याला. त्यानं नातवाला कंपनीत चिकटवलाय."
"मग ही नोट?"
"म्हणून तर नोट! दोन्ही लेकींच्या लग्नाला दत्तानं भांड्याचं भाडं घेतलं न्हाई. आता नोटबी न देता त्याच्या दारावरनं कुठल्या तोंडानं जाऊ?"
पिठाचा डबा डोक्यावर घेऊन झपाझपा गेली. मन हलकं झालं असावं.

८ नोव्हेंबर
वरच्या वाड्या पायी फिरलो. सगळीकडं तोच प्रकार. माणसं हसून नोट देतात, मी मताचं विचारतो, मग आवाज खाली येतो. एकाचा भाऊ मोठ्या पक्षात आहे. एकाच्या जमिनीचा कागद कुठं तरी अडकलाय. एक निवृत्त गुरुजी तर सरळ म्हणाले, "अहो, मत देणार असतो तर नोट कशाला दिली असती?"
आमच्या वस्तीतही वेगळं नाही. जयंतीला विहारापुढचा मंडप दरवर्षी दत्ताचा, फुकट. नोटा घरटी निघाल्या. मताचं मात्र बैठकीत आधीच ठरलंय, आणि तेही मला स्वच्छ सांगितलं.
डबा जड झाला. दत्तानं तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. किसननं गोदामाच्या भिंतीवर कोळशानं गुणाकार मांडला. दत्ता येईल त्याला विचारत होता, "काय वाटतंय? लागतोय का गुलाल?" जो तो म्हणत होता, लागतोय की.
मला नाही विचारलं.
सौ. म्हणाली, "तुम्ही मताचं विचारताच कशाला? नोट घ्यावी, जयभीम करावा, गप घरी यावं."
विचारलं नाही तर कळणार कसं?
"न कळलं तर काय बिघडलं?"


१० नोव्हेंबर, रविवार
धरणाकाठच्या एका रिसॉर्टवर गेलो. मॅनेजर पुण्याचा, शनिवार-रविवारच्या गर्दीनं वैतागलेला. म्हणाला, "काका, एकच सांगा. तुमचा माणूस निवडून येईल का?"
मी म्हणालो, मला वाटत नाही.
तो बघतच राहिला. "आत्तापर्यंत आठ जण वर्गणीला आले. आठही जण निवडून येणार आहेत. एका जागेवर!" मग पाकीट काढून भली मोठी नोट टाकली आणि वर चहा पाजला.
परत येऊन किसनला घडलं तसं सांगितलं. डोक्याला हात लावून खाली बसला. "अशोकभाऊ, पाया पडतो. तुमी नुसता डबा धरा. तोंड उघडू नका."
"पण नोट दिली ना त्यानं?"
"दिली. पन ह्ये काय बरोबर न्हाई."

१२ नोव्हेंबर
आज हसून पोट दुखलं. हसू नये, पण लिहून ठेवतो.
दोन मोठ्या पक्षांपैकी एकाची सभा होती. त्यांनी खुर्च्या हिंजवडीकडून मागवल्या होत्या, टेम्पो पौडपाशीच बंद पडला. शेवटी हात जोडत दत्ताकडं आले. दत्तानं दिल्या, धंदा तो धंदा. पण किसननं त्याआधी प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर मिरचीचं स्टिकर लावलं होतं. उन्हानं डिंक सुटला. सभा संपली आणि माणसं पाठीला हिरव्यागार मिरच्या लावून घरोघर निघाली. नेत्याच्याही पांढऱ्या शर्टावर एक. तो पाठ फिरवून गाडीकडं चालला तशी मागं हशा आणि टाळ्या. त्याला वाटलं, भाषण आवडलं. दोनदा वळून नमस्कार केला, आणि दर वेळी पाठ पुन्हा इकडं.
किसन म्हणतो, आजच्या एका दिवसात हजार मतं फिरली.

१३ नोव्हेंबर
कालचं हसू आज उतरलं.
मंगलवहिनी, दत्ताची बायको, दळण घेऊन आली. एरवी पोराला धाडते. गिरणी चालूच होती. "भावजी, महाळुंग्याचा लॉनवाला येणार हाय शनिवारी. समदा माल उचलतोय. खुर्च्या, कढया, टेम्पो. त्या पैशात शेवटच्या दिसांच्या गाड्या नि पत्रकं करायची म्हणत्यात. वीस वर्सांत एक-एक खुर्ची करून जमवलंय आमी." मग जरा थांबून, "तुमी गावोगाव फिरताय. खरं सांगा, येतील का ह्ये निवडून?"
मी कानाला हात लावला. पट्ट्याच्या आवाजात ऐकू आलं नाही, असं दाखवलं.
तिनं पुन्हा विचारलं नाही. पीठ घेतलं, गेली.
मला सगळं ऐकू आलं होतं.

१५ नोव्हेंबर, पौर्णिमा
विहारात वंदना. भन्ते नव्हते, आम्हीच म्हटली. पांढरे कपडे, समोर मेणबत्त्या. पाचही शीलं रोज सकाळी म्हणतो, जीभ आपोआप वळते. आज चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या शीलाला, आली आणि अडली. शेजारचा बघू लागला. खोकल्यासारखं केलं. म्हणजे तिथंही पुन्हा तेच.
परका विचारतो तेव्हा खरं बोलायला मला काही लागत नाही. उलट लोक मान देतात, चहा देतात. दहा दिवस मी त्या मानावरच फिरलो. आणि जिची भाकरी माझ्या खऱ्या उत्तरावर आहे तिनं विचारलं तर कान गेले.
उद्या सकाळी दत्ताकडं.

१६ नोव्हेंबर, शनिवार
सकाळी लवकर डबा घेऊन गेलो. मला बघून दत्ता गोदामात शिरला आणि आधीच मोजलेल्या खुर्च्या मोजू लागला. "आज काय बोलू नगंस अशक्या. गडबड हाय."
"माल विकू नकोस," मी म्हणालो. "लोकांनी नोटा दिल्यात त्या मत द्यायचं नाही म्हणून दिल्यात. तुझे उपकार फेडलेत."
"कितींनी सांगितलं असं?"
"जवळजवळ सगळ्यांनी."
"आन् तू?"
"माझं मत तुलाच."
"म्हंजे दोन झाली," तो म्हणाला. मग एकदम भडकला. "अकरा दिस डबा घेऊन हिंडलास आन् आज सांगतोस? लॉनवाला यायच्या दिशी?" डबा ओढून घेतला.
त्याचं चुकलं नाही. उशीर माझाच.

संध्याकाळी देवळापुढं त्याची सभा. लॉनवाला पहिल्या रांगेत बसलेला, खुर्चीचं प्लास्टिक दाबून बघत. दत्तानं भाषण केलंच नाही. डब्याचं कुलूप काढलं, टेबलावर उघडा ठेवला. म्हणाला, "मला कळलंय, काही जणांनी मत द्यायचं न्हाई म्हणून नोट दिलीया. माझा राग न्हाई. पन आसली नोट मला नको. ज्याची असंल त्यानं गुमान उचलावी."
कुणी हलेना. उचलणार कसं? सगळ्यांसमोर कबूल केल्यासारखं.
मग गंगूआत्या उठली. मला वाटलं, म्हातारी धीराची. डब्यापाशी गेली, कनवटीला हात घातला आणि आणखी एक नोट टाकली. तिच्यामागं गुरुजी. मग रांगच लागली. सगळे दुसऱ्यांदा टाकून, खाली बघत जागेवर.
किसन मला चिमटे काढत होता. "बघा! बघा!"
लॉनवाला म्हणाला, "एवढी माया हाय? मग बिनधास्त इका की हो."
दत्तानं माझ्याकडं बघितलं. माईक तोंडापुढं तसाच. "अशक्या, तू सांग. इकू का?"
इतक्या दिवसांत पहिल्यांदा विचारलं त्यानं. सगळं गाव माझ्या तोंडाकडं. बायकांत मंगलवहिनी.
"नको," मी म्हणालो.
"आता डोळ्यांदेखत टाकल्या की लोकांनी!" किसन ओरडला.
"म्हणूनच."
दत्तानं डब्याचं झाकण लावलं. मग लॉनवाल्याला म्हणाला, "पावनं, चहा घेऊन जा. माल न्हाई द्यायचा." माईक बंद करून माझ्याजवळ आला. "आता पडलो तर तुझ्यामुळं पडलो. ध्यानात ठेव."

१७ नोव्हेंबर
किसननं उठवलंय की समोरच्यांनी मला फोडलं, गिरणीला नवी मोटर बसवून दिली. आज दळण दुप्पट. जो येतो तो पायलीभर तांदूळ टेकवतो आणि मोटर बघून जातो. तीच जुनी, दर दोन मिनिटांनी थरथरणारी. एकानं हात लावून खात्री केली, चटका बसला.
सौ. म्हणाली, "रोज एकेक अफवा उठू दे. बरं चाललंय."
दत्ता आला नाही. शेवटच्या दिवसांत त्याच्याकडं एकच टेम्पो, तो स्वतःच चालवतोय आणि स्वतःच भोंग्यावर बोलतोय.

२० नोव्हेंबर, बुधवार
मतदान. सकाळी सातलाच उरकलं. मिरची दाबली. यंत्र वाजेपर्यंत बोट काढलं नाही.
शाळेबाहेर थोडा वेळ उभा राहिलो. गंगूआत्या बाहेर आली, बोटावरची शाई पदरानं जपत. न विचारताच म्हणाली, "दिलं रं दत्ताला. दुसरी नोट टाकली नि लाज वाटाया लागली. नातवाला नोकरी लागली ती लागली, आता काय काढून घेत्यात व्हय?"
मग गुरुजी. "दिलं बरं का."
मग आमच्या वस्तीतले दोघे, तेही तसंच.
हे खरं, की मला बरं वाटावं म्हणून? इतके दिवस माणसं माझ्याशी खरंच बोलत आली, म्हणून मी निर्धास्त होतो. आज प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत राहिलो आणि काही कळलं नाही. तो निवडून आला तर माझंच सांगणं खोटं ठरेल. तरी यावा असं वाटतंय. आणि पडला तर निदान माल राहिला... असंही वाटतंय. दोन्ही एकाच वेळी.
दुपारी दत्ताचा फोन. चार दिवसांनी. रामराम नाही, काही नाही.
"मोजणीच्या दिशी दारात खुर्च्या किती मांडू? खरं सांग."
मी आधी गिरणी बंद केली.
"भरून ठेव टेम्पोत," मी म्हणालो. "उतरवू नकोस. पण टेम्पो दारातच लाव."
"आन् तू?"
"मी सकाळीच येतो. उतरवायला लागलं तर दोघं लागतील."
"बरं," म्हणाला. फोन ठेवला नाही लगेच.