धाकट्याच्या कारखान्याचं प्रगतिपुस्तक

चि. धाकट्यास, थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

तुझी कंबर कशी आहे? वाकून रंधा मारू नकोस, हे दोनदा लिहिलं. तिसऱ्यांदा लिहिणार नाही. मी ठणठणीत आहे.

मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन मी विद्यापीठात वेबसाइट डिझाइन आणि मल्टिमीडिया शिकायला लागले, तेव्हा तू फोनवर हसलास ते मी विसरलेले नाही. वर्गात मीच सगळ्यांत मोठी. (सर माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपेक्षाही लहान. अक्षर गचाळ, पण मुलगा हुशार.) वार्षिक प्रकल्पासाठी खऱ्याखुऱ्या धंद्याची वेबसाइट करायची होती, म्हणून मी तुझा सुतारकारखाना घेतला. (विचारलं नाही, कारण तू फोन उचलत नाहीस.) आता यांची पद्धत अशी, की आधी पानाची मांडणी करायची आणि मजकुराच्या जागी तात्पुरती निरर्थक अक्षरं भरून ठेवायची. निरर्थक! पान भरण्यासाठी लिहू नका, असं तीस वर्षं मुलांना बजावलं आणि आता मीच पान भरू? मी तिथे खरं तेच लिहिलं, आणि हाताला सवय प्रगतिपुस्तकाची. 'हात कसबी. खुर्ची डुगडुगत नाही. दिलेली तारीख पाळत नाही. गिऱ्हाईक चिडलं की बायकोला पुढे करतो. सुधारणेस भरपूर वाव.' आणखी दोन ओळी आहेत, त्या इथे लिहीत नाही. नंतर सगळं बदलणारच होते. पण परवा जतन करण्याच्या बटणाऐवजी मी प्रसिद्ध करण्याचं बटण दाबलं (दोन्ही निळी, दोन्ही शेजारी शेजारी, हा दोष मी सरांना लेखी कळवला आहे) आणि ते जगासमोर गेलं.

शेजारच्या मशीनवरची मुलगी किंचाळली, "मावशी, हे काय केलंत!" सरांनी पान वर्गाला मोठ्या पडद्यावर दाखवलं. मी आपणहून उभी राहिले; शिक्षा घ्यायचीही एक शिस्त असते. तर ते म्हणाले, "बाई, इतकी खरं बोलणारी वेबसाइट मी पाहिली नाही. एक अक्षर बदलू नका." मी गुरूंची आज्ञा मोडत नाही.

भावजयीला आशीर्वाद सांग. उत्तर सुवाच्य अक्षरात यावं.

तुझी ताई

ता. क. सोबत एक फॉर्म आहे. मालकाच्या संमतीशिवाय प्रकल्प तपासत नाहीत. शुक्रवारपर्यंत तुझी सही आली नाही तर माझं वर्ष गेलं. मी आयुष्यात कधी नापास झालेले नाही, आणि तुझ्यामुळे तर मुळीच होणार नाही.

आणखी ता. क. पानावर फोन नंबर माझा आहे. चार जणांनी खुर्च्या मागवल्या. एक बाई म्हणाल्या, बाकीचे गोड बोलून तारीख चुकवतात, हा निदान आधी सांगतो. त्यांना मी पंधरा तारीख दिली आहे. ती चुकली तर सुधारणेचा वाव मी स्वतः तिथे येऊन दाखवीन.

शेवटचा ता. क. आधी सही कर, फॉर्म टपालात टाक, मगच ते पान उघड. (शाळेत कुणी न वाचता सही केली असती, तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.)