बोटभर जागा

दादा, हरसूलजवळच्या एका पाड्यावर यंदा एक गाय व्यायली. वासराचे पुढचे दोन्ही पाय जन्मतःच आत दुमडलेले, खूर टेकतच नव्हते, म्हणून मला बोलावलं. घरची सासू तोंडाचा पट्टा चालवत होती, "हिनं गिराणात भाजी चिरली, म्हणून हे असलं. आता हिच्या पोटचं कसं निघंल!" ही म्हणजे तिची सात महिन्यांची पोटुशी सून. बिचारी कुडाला टेकून पोटावर पदर ओढून उभी. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मावशी, भाजी सुनेनं चिरली आन् पाय वासराचे वाकडे? ग्रहणाला माणूस कोण न् जनावर कोण, ओळखू येत नाय का?" सून काही हसली नाही. वासरू उभं राहिल्याशिवाय तिची भीती जाणार नव्हती.

मला तुमचा गुरांचा दवाखाना आठवला. तुम्ही तिथे मलमपट्टी करणारे ड्रेसर, आणि मी, तुमची लेक, गुरांच्या डॉक्टरकीच्या पहिल्या सुट्टीत घरी आलेली, अंगात नवी विद्या. असंच एक वासरू येतं. मी बांबूच्या कामट्या लावून पाय करकचून आवळते. दुसऱ्या दिवशी बघतो तर कातडी सोललेली. तुम्ही ओरडत नाही. माझ्याच मनगटाला कामटी तशीच आवळता आणि म्हणता, "आता जेव." मी डाव्या हातानं वरणभात चिवडत रडते. मग तुम्ही ती सोडून पुन्हा बांधता, पट्टीखाली बोट सरकवून दाखवता. "एवढी जागा ठेवायची, बाई. जीव आहे तो, लाकूड नाही."

पाड्यावर मी प्लास्टिकचा पाइप उभा चिरला, आत कापूस लावला, पट्टी बांधली, बोट घालून पाहिलं. सुनेला म्हटलं, "मी गुरांची डॉक्टर. तुझं बघायला उद्या जीपनं दवाखान्यात जा." ती गेली, सगळं ठीक निघालं. दर दोन दिवसांनी मी पट्टी बदलत राहिले. सहाव्या दिवशी वासरू लटपटत उठलं आणि थेट आचळाला लागलं. सून एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. मला मात्र रडू आलं, लपवत नाही.

काल तिचा फोन आला. मुलगी झाली. सासूनं म्हणे आधी पाय चाचपून पाहिले, मग गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

एक सांगायचं राहिलं, दादा. त्या म्हातारीनं विचारलं होतं, "हे बांधणं कुठं शिकलीस गं?" मी म्हटलं, "कॉलेजात." माझा बाप ड्रेसर होता हे सांगायला या वयातही जीभ अडली. तुम्ही तर गेलात, हे पत्र टाकणार तरी कुठे? उद्या बाळाला बघायला जाते आहे, तेव्हा म्हातारीलाच खरं सांगून येते.