चाळीस पुंगळ्या

२३ ऑक्टो. ९४, रविवार. नोव्हाय.

सकाळभर मित्राच्या, डेलच्या गराजमध्ये. त्याने डबाभर फौजी पुंगळ्या काढून दिल्या. उडवलेल्या काडतुसांचं पितळ, पुन्हा भरून वापरायचं. भानगड एकच. फौजेत बुडातली ठिणगीची कॅप सुटू नये म्हणून तिच्या भोवतीचं पितळ आत दाबून ठेवतात. जुनी कॅप काढली तरी ती कड तशीच राहते, आणि कापल्याशिवाय नवी कॅप नीट बसत नाही. डेल हाताने कटर फिरवतो, तीन वेढे, मग गेज घालून भोकाचं माप बघतो. एका पुंगळीला एक मिनिट. टूलरूममध्ये जन्म काढलेला माणूस, घाई कसली ती नाहीच.

म्हणाला, "यू आर अ टूलिंग गाय. चाळीस माझ्यासाठी कर. ओपनिंग डेला तुझ्याच वापरीन." म्हणजे पंधरा नोव्हेंबर, हरणांची शिकार सुरू होते तो दिवस.

बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. सहा वर्षांत इथे माझ्या हातचं काम कुणी मागून घेतलेलं नाही. सगळे स्प्रेडशीट मागतात.

२५ ऑक्टो.

आबांना पत्ता लागू द्यायचा नाही. वडील सहा महिन्यांसाठी इथे आलेत, रोज पहाटे उठून त्रिशरण पंचशील म्हणतात. पहिल्याच शीलाला, जीवहत्या नको, माझा मुद्दा निकालात. हरणं डेल मारणार, मी नाही, हे त्यांना कोण पटवणार. शिवाय एकतीस वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात काडतुसं तपासलेला माणूस. त्यांना सांगितलंय, कंपनीचं काम घरी आणलंय. सुनंदा त्यांची सून, तरी म्हणाली, "तुमचं तुम्ही निस्तरा. मला विचारलं तर मी सांगून टाकीन."

२९ ऑक्टो., शनि.

अकरा झाल्या. अंगठ्याची साल निघाली. कटर जरा वाकडा गेला की पितळ चावतं. पायात मुंग्या, बसवत नाही. सहावीतही एका जागी बसवत नसे, मास्तर म्हणत, याच्या ढुंगणाला भिंगरी आहे.

३० ऑक्टो.

कटर ड्रिल प्रेसमध्ये लावला. पुंगळी हातात धरून खालून टेकवायची, झर्र, झाली. उरलेल्या एकोणतीस वीस मिनिटांत. असलं डोकं डेलला पंचवीस वर्षांत कसं सुचलं नाही.

कॅपा पण बसवल्या. पहिल्या अकरा दाबून दाबून बसल्या. नंतरच्या लोण्यात सुरी. खूश झालो.

१ नोव्हें.

डेलला डबा दिला. त्याने विचारलं, "गेज्ड देम?"

"ऑल ऑफ देम."

एकही बघितली नव्हती. तोंडातून निघून गेलं. त्याने झाकण उघडूनसुद्धा पाहिलं नाही. दारू आणि गोळी तो घरी भरणार. खांद्यावर थाप मारून गेला.

४ नोव्हें.

दिवाळीचा फराळ डेलला नेऊन दिला. चकली आवडली. म्हणाला, "वन डिअर, वन शॉट. दुसरी लागली तर मी घरीच बसायला हवं होतं." वर्षाला एक हरीण, फ्रीजर भरतो. परवाच्या पार्टीत इथल्या आपल्या लोकांनी त्याला विचारलं, यू आर फ्रॉम व्हिच टीम? परका दिसला की ऑफिसातला पाहुणा, असंच धरतात. तो माझ्या घरी जमिनीवर मांडी घालून जेवलेला माणूस आहे.

११ नोव्हें., शुक्र.

डेल आज निघाला. वर उत्तरेला केबिन, फोन नाही. मला येण्याचं आमंत्रण होतं, नकाशाही काढून दिलेला. आबा आहेत म्हणून टाळलं.

१२ नोव्हें., शनि.

आबा गराजमध्ये फावडं शोधायला गेले. आले ते हातात पुंगळी घेऊन. जास्तीच्या सहा करून ठेवल्या होत्या कॉफीच्या डब्यात, कॅपा लावून.

"हे कोण करून राहिलं?"

"मी."

"खरवडलं आहे हे. कापलेलं नाही." पुंगळी तळहातावर हलकेच आपटली. कॅप निघून हातात आली. दुसरीचं तेच.

"सोपी बसली म्हणजे चांगली बसली असं वाटलं तुला," म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. मग समजावलं, जसं कारखान्यात नव्या पोराला. भोक मोठं झालं की कॅप सैल. घोडा पडला की गरम वायू मागे येतो. मागे कोण असतं? गोळी झाडणारा. त्याचा डोळा.

"आणखी आहेत?"

"चाळीस दिल्या डेलला. त्यातल्या एकोणतीस अशा."

"त्याने विचारलं नाही, तपासल्या का?"

"विचारलं."

"मग?"

सांगितलं. आबा खुर्चीत बसले. पहिल्या शीलावरून भांडण होईल म्हणून तीन आठवडे लपवलं, आणि पकडला गेलो चौथ्यात, खोटं न बोलण्याच्या. हरणाबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही.

१३ नोव्हें.

डेलच्या नकाशावर एक बेट शॉप आहे, गळाला लावायचं आमिष विकणारं दुकान, त्यांचा नंबर मिळवला. दुकानातली मुलगी म्हणाली, आला तर सांगते. डेलचं आडनाव तिने दोनदा विचारलं. दुपारी परत फोन, आला नाही. संध्याकाळी परत, दुकान बंद.

घरात येरझाऱ्या. सुनंदा म्हणते, त्याच्या लक्षात आलं असेल, इतका जाणकार माणूस. मीही तेच धरून बसलोय. पण दारू भरताना तो कॅपेकडे कशाला बघेल? माझ्या शब्दावर विश्वास ठेवलाय त्याने.

आबा जेवताना म्हणाले, "माझ्या अंगठ्याखालून गेलेल्या पेटीची तक्रार एकदाच आली. एकोणसत्तर साली. काय झालं, कोणाला झालं, आम्हाला सांगितलं नाही." भात तसाच ठेवला. हे मला बावीस वर्षं एका घरात राहून माहीत नव्हतं.

१४ नोव्हें., सोम.

ऑफिसात बारापर्यंत कसाबसा. बॉसला फॅमिली इमर्जन्सी सांगितलं. हे खोटं नाही असं वाटलं. घरी आलो तर आबा कोट, कानटोपी घालून सोफ्यावर तयार. "चल."

साडेचार तास. रस्त्यात बर्फ, शेवटी वेग ताशी वीस मैलांवर. बेट शॉपमध्ये माझा निरोप काउंटरवर तसाच चिकटवलेला. आतल्या रस्त्यावरचा बर्फ काढलेला नव्हता, अंधारात नको म्हणून मोटेल. घरी लेकीला, पल्लवीला फोन केला. "इज आजोबा मॅड अ‍ॅट यू?" म्हटलं, झोप.

१५ नोव्हें., मंगळ. सकाळ.

पेनची शाई गोठली, पेन्सिलने लिहितोय. केबिनपाशी पोचलो. डेलचा ट्रक आहे, डेल नाही. पावलं झाडीत गेलेली. त्याच्या मागे जाता येत नाही, शिकाऱ्यांना ओळखू येणारं केशरी जाकीट दोघांकडेही नाही, आज हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर नळी रोखलेली असते. हाका मारल्या. हॉर्न दहा-बारा वेळा वाजवला. काही नाही.

दार उघडंच. टेबलावर काडतुसांचे दोन खोके. एक वीसचा, भरलेला. दुसऱ्यात पंधरा. त्याच्या रायफलीत पाच मावतात.

आबा पायरीवर बसून एकेक तपासताहेत. डोळे मिटून, अंगठ्याचं नख कॅपेवर. फिरली की उजवीकडे, नाही फिरली की डावीकडे. पस्तीस झाली. उजवीकडे चोवीस. म्हणजे सैल पाच त्याच्याकडे आहेत. पाचही. आबांनी पुन्हा मोजायला घेतलं, मीही. तेवढीच.

आत्ता एक बार ऐकू आला. लांबून, ओढ्याच्या बाजूने. आबांचा अंगठा थांबला.

कुणाचा ते कळायला मार्ग नाही. डेलचा असेल तर दुसरा येणार नाही, नेम लागला तरी आणि डोळा गेला तरी. आबा म्हणाले, "घड्याळ बघ."

सात बावन्न. दुसरा आलेला नाही.