संत्र्याएवढा गोटा

पांढुर्णा,
मंगळवार, ९ डिसेंबर २०२५

प्रिय हेमराज,

सप्रेम नमस्कार. तू बरा असशील. असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. मामा-मामींना माझा नमस्कार सांग. इकडे थंडी चांगलीच पडली आहे. बाबांची सौंसरला होणारी बदली थांबली. आमच्या तेजस्विनीचं बी.एड. सुरू झालं, ती तुझी चौकशी करत असते.

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस, म्हणून हे पत्र. दहावीच्या पेपरात 'मित्रास पत्र' लिहिलं होतं, त्यानंतर हेच पहिलं. अक्षर मुद्दाम मोठं काढून राहिलो. तूच वाच, मामींकडून वाचून घेऊ नकोस.

विनोद सरांनी लिहायला सांगितलं, हे आधीच सांगून टाकतो. आपण आंतरमहाविद्यालयीन चॅम्पियन झालो हे तू पेपरात वाचलं असशील. पाच सामने, पाचही जिंकले. सौंसरच्या मैदानावर फायनल झाली, दोन-एक. दुसरा गोल माझा. पांढुर्ण्यात बसस्टँडपासून कॉलेजपर्यंत मिरवणूक निघाली, पुढे डीजे. ज्यांना ऑफसाइड म्हणजे काय ते ठाऊक नाही असे लोक आमच्या तोंडात पेढे कोंबत होते, आणि कोंबणाऱ्याच्या बोटाला गुलाल, अंगठी, सगळं. माझ्या दाताखाली अंगठी आली. घरी येऊन चार वेळा चूळ भरली तरी तोंडातून ती गुलालाची चव जाईना.

आता सरांचं काम. सौंसरच्या संघाने विद्यापीठाकडे तक्रार केली आहे. त्यांच्या कॅप्टनने, राहुलने, तुला लोधीखेड्याच्या बसस्टँडवर काळा चष्मा घालून उभं पाहिलं. त्याच दिवशीच्या पेपरात छापून आलं होतं की आपल्या गोलकीपरने, हेमराजने, सेमीफायनलमध्ये पेनल्टी अडवली. राहुल तुला चेहऱ्याने ओळखतो, गेल्या वर्षी तू त्याच्या तीन किका अडवल्या होत्यास; यंदा त्यांच्याशी आपला सामना पडलाच नाही. त्याने बरोबर हिशेब जुळवला. सोमवारी छिंदवाड्याला चौकशी आहे.

सरांनी एक कागद टाइप करून दिला आहे. त्यात असं आहे की पाचही सामने तूच खेळलास आणि डोळ्याला लागलं ते फायनलनंतर, घरी, संत्र्याच्या झाडावरून पडून. सर म्हणाले, "त्याले सांग, सर्टिफिकेट त्याच्याच नावाचं आहे. फुकटात चॅम्पियन झाला पोरगा. सही कराले काय जाते त्याचं?" सही आली नाही तर कप परत जाईल, टीमवर बंदी येईल आणि माझं विद्यापीठाच्या संघातलं नाव कटेल. तुला माहीत आहे, त्या नावाच्या जोरावर मी वनविभागाच्या भरतीची आशा धरून आहे. कागद सोबत पाठवतोय. पेन्सिलने फुली केली आहे तिथे सही कर.

बाकी सर्व ठीक.

*

गुरुवार, ११ डिसेंबर

पत्र पाकिटात घातलं होतं. परत काढलं. वर जे लिहिलं ते खोडत नाही, मी परवापर्यंत कसा होतो ते तुला दिसू दे.

काल काकू भेटल्या. बाजारात, त्या मोठ्या बॅनरखाली. बॅनर तू पाहिलेलं नाहीस. आम्हा सोळा जणांचे फोटो आहेत, वर कॉलेजचं नाव, खाली अभिनंदन करणाऱ्यांची रांग, त्यांचे फोटो आमच्याहून मोठे. पहिल्या ओळीत तुझं नाव आहे आणि नावावर नागपूरच्या त्या प्रफुल्लचा चेहरा. तुझी आई हातात भाजीची पिशवी घेऊन त्याच्याकडे पाहत उभी होती. मी गाडी वळवून निघून जाणार होतो, पण त्यांनी मला पाहिलं.

"बाबू, हा कोण व्हय रे? नाव तं आपल्या हेमराजचं लिवलं आहे."

मी म्हणालो, "छापणाऱ्याची चूक आहे काकू."

"असन," त्या म्हणाल्या. मग मलाच विचारलं, "तू गेल्ता का लोधीखेड्याले? जाऊन ये एकखेप. दिवसभर मामाच्या भिंतीवर चेंडू मारून राह्यते. येकही धरता येत नाही त्याले. चेंडू कुठी आहे तेच समजत नाही म्हणते."

मी हो म्हणालो आणि घरी आलो. जेवण गेलं नाही. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती, आणि गेले तीन महिने मी किळस येण्यासारखंच सगळं करत होतो.

तर आता नीट लिहितो.

खेळाडूंची यादी विद्यापीठाला पोळ्याच्या आधीच गेली होती. तुला लागल्यावर नाव बदलता येईना आणि दुसरा गोलकीपर आपल्याकडे नव्हता. सरांनी प्रफुल्लला आणलं. तुझ्या ओळखपत्रावर त्याचा फोटो चिकटवला, शिक्का असा मारला की नाक-डोळे काळे झाले. "फोटो कोण पाह्यते?" म्हणाले. कोणी पाहिलाच नाही. मग आम्हाला बसवून सांगितलं की मैदानावर त्याला हेमराजच म्हणायचं. त्यासाठी सराव घेतला, हेमराज. तुझ्या नावाने हाक मारायचा सराव. पहिले दोन दिवस माझ्या तोंडून निघेना. तिसऱ्या दिवशी मी "हेम्या, पुढे ये बे" असं ओरडलो आणि तो पुढे आला. त्यानंतर सोपं झालं. पाच सामने मी त्याला हेम्या म्हटलं. त्या पोराचा तसा दोष नाही, जेवायला घरी येई, आईच्या पाया पडे. पण त्याने तुझे ग्लोव्हज घातले तेव्हा मला ते काढून घ्यावेसे वाटले होते. मी काढून घेतले नाहीत.

परवा लिहिलं की तू पेपरात वाचलं असशील. तेही खोटं. तू फायनलला मैदानावर होतास हे मला माहीत आहे. गोलपोस्टच्या मागे, संत्र्याच्या हातगाडीजवळ, काळा चष्मा, मामाचं स्वेटर. मी दुसरा गोल केला तेव्हाच तुला पाहिलं. नंतर लाउडस्पीकरवर सर्वोत्तम गोलकीपर म्हणून तुझं नाव पुकारलं, लोक "हेमराज, हेमराज" करू लागले आणि प्रफुल्ल पळत गेला. मी तुझ्याकडे पाहत होतो. तू दोनदा टाळी वाजवलीस आणि हात खाली घेतलेस. संध्याकाळी तुला फोन लावला तर लागला नाही.

म्हणजे गोट्यासाठी तू मला तोडलं नव्हतंस. तीन महिने बोलत होतास. तोडलंस ते नावासाठी. हे मला कालपर्यंत कळलं नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

आता गोट्याचं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला नदीवर जो दिसेल तो टीमबाहेर, असं सरांनी बजावलं होतं. आपली अर्धी टीम पांढुर्ण्याची, पाच जण सावरगावचे, म्हणून. दुपारी मी जाम नदीवर गेलो तर आमच्या काठावर सर स्वतः बाह्या वर करून उभे. मला पाहून हसले. "आला का कॅप्टन?" म्हणाले. मधोमध रोवलेल्या पळसाच्या झाडावर झेंडा, तो जे गाव काढेल ते जिंकलं, म्हणून दोन्हीकडून गोटे, छतांवर बायापोरी. लहानपणापासून पाहत आलो तेच. मला काही वेगळं वाटलं नाही, हीच सगळ्यात वाईट गोष्ट आहे.

समोरच्या, सावरगावच्या काठावर तू होतास. तूही मला पाहिलंस. आणि तू दोन्ही तळवे उघडे करून छातीसमोर धरलेस, गुडघे वाकवलेस.

ती खूण फक्त आपली होती. कॉलेजात आलो त्या वर्षी आपल्याकडे एकच बॉल होता आणि तोही हवा सोडायचा. तुमच्या बागेत गळून पडलेली हिरवी संत्री टोपलीभर गोळा करायची, मी वीस पावलांवरून फेकायचो आणि तू धरायचास. तू तळवे उघडून म्हणायचास, "फेक बे." एका सकाळी शंभरातली शहाण्णव धरलीस. राहिलेली चार तू मला सोलून खायला लावलीस, तोंड दोन दिवस आंबट होतं.

नदीवर आवाज पोचत नव्हता, पण तू "फेक बे" म्हणालास ते मला दिसलं. मी गोटा उचलला. संत्र्याएवढा. गोटा आला की सगळे खाली वाकतात, हेमराज. दोन्ही काठांवर कोणीही वाकेल. तू वाकला नाहीस, पुढे झालास, जसं मीच तुला शिकवलं होतं. तुझ्या बोटांना लागून तो वळला आणि डाव्या डोळ्यावर बसला.

इथवर तुला ठाऊक आहे. नागपूरला डॉक्टरने विचारलं, कसा लागला, कोणी मारला. मी तुझ्या पायाशी उभा होतो. तू म्हणालास, "दिसला नाही." गोटमारीत कोणाचा गोटा कोणाला लागला हे कोणी विचारत नाही, तू ती रीत पाळलीस. सरांनी सगळं पाहिलं होतं. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "झेंडा देवळात गेला का सगळं माफ असते. तोंड बंद ठेव. सीझन आहे समोर." आणि मी तोंड बंद ठेवलं. दुसऱ्या दिवशी चंडीच्या देवळात जाऊन अंगारा आणला. जखमींना लावतात तो. तुझ्यासाठी म्हणून आणला आणि वाटेत स्वतःच्या कपाळाला लावला. मला खरचटलंही नव्हतं.

जे तुला ठाऊक नाही ते आता. तू समजतोस तो खेळ होता, तुझीच चूक, तूच तळवे दाखवलेस. तसं तू मला फोनवर दोनदा म्हणालास आणि मी "हो रे" म्हणालो. संत्री फेकताना मी नेहमी अर्धा जोर लावायचो. त्या दिवशी पूर्ण लावला. मागे माणसं ओरडत होती, "सावरगाववाला आहे, हान त्याले," आणि सर पाहत होते. शिवाय त्याच आठवड्यात पेपरात आपल्या टीमची बातमी आली होती आणि फोटो फक्त तुझा होता. कॅप्टन मी आणि फोटो तुझा. हात मागे नेला तेव्हा हा फोटो माझ्या डोक्यात होता. तुझा डोळा जावा असं मनात नव्हतं, ही शपथ खरी आहे. पण तुला लागावा असं मनात होतं. एक लागावाच.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आईलाही नाही.

आणि अशा माणसाने तुला कागद पाठवायचा, की डोळा झाडावरून पडून गेला असं लिहून दे. परवा ते लिहिताना मी फुली कुठे करावी याचा विचार करत होतो.

सरांचा कागद मी फाडला. या पाकिटात तो नाही, माझ्या जबाबाची झेरॉक्स आहे. सोमवारी छिंदवाड्याला मी हाच देणार. प्रफुल्लचं, फोटोचं, हाक मारायच्या सरावाचं, सगळं त्यात आहे. शेवटच्या परिच्छेदात गोट्याचंही आहे. चौकशीवाले म्हणतील त्याचा इथे काय संबंध, तरी वाचून दाखवणार. आपल्याकडे कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. काल संध्याकाळी सरांना सांगून आलो. ते म्हणाले, "सगळ्या पोरांचं वाटोळं करून राहिला तू." पोरंही तेच म्हणतील. कप जाईल, बंदी येईल, माझी भरती गेलीच. हे ऐकून तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. कप जाऊन तुला काही मिळणार नाही. फक्त तुझं नाव तेवढं तुझ्याकडे परत येईल.

सरांचा माणूस दुसरा कागद घेऊन तुझ्याकडे येईल, मला खात्री आहे. सही करू नकोस. एवढीच विनंती आहे.

काकूंना मी उद्या जाऊन सांगणार आहे की ती छापणाऱ्याची चूक नव्हती. बाकीचंही त्यांना माझ्याच तोंडून कळू दे.

माफ कर असं या पत्रात कुठे लिहिलेलं नाही. लिहायला घेतलं होतं, पण ते लिहिलं की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. नको देऊस. नंबर ब्लॉकच राहू दे. डाव्या बाजूला थोडा समास जास्त सोडला आहे, अक्षर मोठं आहे, उजेडात बसून सावकाश वाच.

ज्याचा गोटा तू संत्रं समजून धरायला गेलास,
तो
तुषार