पेडल पूर्ववत केल्याचा खुलासा

प्रति,
मा. वाहन तपासणी अधिकारी साहेब,
फिरते तपासणी शिबिर, जि. परभणी.

अर्जदार: चतुराबाई आप्पाराव ढगे, वय ४९, रा. ताडकळस, ता. पूर्णा.

विषय: परवाना निलंबित का करू नये, या नोटिशीचा खुलासा.
संदर्भ: आपली नोटीस, दि. २३ सप्टेंबर २०२४.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार १९७१ सालची पिकअप गेली अकरा वर्षे स्वतः चालवते. पती आप्पाराव शेजारी बसतात. दोघे मिळून भाजीचे कॅरेट बाजाराला नेतात.

१) सदर गाडीचे ब्रेक व क्लचचे पेडल मुळात तळाच्या पत्र्यातून वर आलेले होते आणि ब्रेकचे सिलिंडर पत्र्याखाली, चिखलाच्या माऱ्यात. गाडी पाण्यातून गेली की ब्रेक लागत नसे. म्हणून गतवर्षी बन्सीधर मिस्त्रींनी दोन्ही पेडल वरून टांगून दिले, सिलिंडर बॉनेटखाली कोरड्यात घेतले व तळाची भोके बुजवली. पुढे चौदा महिने ब्रेकने एकदाही दगा दिला नाही.

२) जुलैमध्ये योग्यता प्रमाणपत्रासाठी गाडी शिबिरात आणली असता आपल्या निरीक्षकांनी "पेडल पूर्ववत करून आणावे" असा शेरा मारला. "साहेब, खालचं सिलिंडर चिखलानं धरत न्हाई. हे एकदा दाबून तर बघा," अशी विनंती अर्जदाराने केली. "नोंदीत नाही, विषय संपला," असे उत्तर मिळाले. बन्सीधर मिस्त्रींनी चांगले काम मोडायला नकार दिला, तेव्हा दुसऱ्याकडून ते मोडून घेतले. दुसऱ्या खेपेस निरीक्षकांनी वाकून पेडल पाहिले, पाय काही लावला नाही, आणि प्रमाणपत्र दिले.

३) दि. २ सप्टेंबर रोजी ओढ्याच्या पाण्यातून निघून चढावर गाडी थांबवावी लागली. ब्रेक दाबताच पेडल पत्र्याला टेकला. हातब्रेक भरल्या गाडीला पुरेना आणि गाडी मागे घरंगळू लागली. आप्पाराव उडी टाकून मागच्या चाकाला दगड लावायला गेले. दगड निसटला. त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

४) आपल्या नोटिशीनुसार वाहन प्रमाणित होते, सबब दोष चालकाचा. ही नोटीस सून भक्ती हिने खाटेशेजारी बसून वाचली. त्यावर आप्पाराव म्हणाले, "मी माझ्या मनानं उतरलो. हिनं सांगितलं न्हाई. तसंच लिव्हा."

तसे लिहिणे खोटे होईल. "उतरा, दगड लावा" असे अर्जदारच ओरडली होती. ते आप्पारावांना पक्के ठाऊक आहे. तरीही ते रोज सकाळी तेच खोटे पुन्हा सांगतात, आणि अर्जदाराला त्यांच्याकडे पाहवत नाही.

५) तरी विनंती की, परवाना ठेवावा की घ्यावा ते आपण ठरवावे. घेतल्यास आप्पारावांना पट्टी बदलायला एसटीने नेऊ. अर्जदाराने आपला दोष वर स्वतःच्या हाताने लिहून दिला आहे. पेडल कोणाच्या शेऱ्यावरून खाली गेले, तेवढे आपणही आपल्या हाताने लिहून द्यावे.

आपल्या शेऱ्याचे पालन केलेली,
चतुराबाई आप्पाराव ढगे
ताडकळस, दि. ७ ऑक्टोबर २०२४

सोबत: शेऱ्याची पावती, योग्यता प्रमाणपत्र व दवाखान्याचा दाखला (छायाप्रती).