लांबूनच भेट

भुकूम,
६ ऑक्टोबर २०२५

चि. कमळ हिला सारजाअक्काचे आशीर्वाद.

इकडे सगळे बरे. तुमचं भात पोसवलं असेल. आमच्या खाचरात आता बारा मजले उभे आहेत, त्यामुळे आमचं विचारू नकोस. फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर मी बोलले की अर्ध्या गल्लीला कळतं, आणि हे घरातसुद्धा कुणाला कळायला नको.

मी न्हाणीत पडले, असं तुला आमच्या सूनबाईनं, शुभांगीनं सांगितलं ना? खोटं आहे ते. मीच तिला तसं सांगितलं. बिचारीनं घरभर रबरी पट्ट्या अंथरल्या आणि रोज माझ्या वेंधळेपणावरून मला बोलते.

तांदूळ निवडत बसले होते. स्वरदा शाळेतून आली आणि नेहमीसारखी मागून गळ्यात पडली. सहा वर्षांची नात, वजन ते काय! बरगडीत कट्‌कन वाजलं. मी कळवळून ओरडले, "सर तिकडं! मारतीस का काय मला?"

डॉक्टर म्हणाले, पाळी गेली की बाईची हाडं भराभर विरळ होतात, पुढं वयाबरोबर झिजतच राहतात. दुखत नाही, खुपत नाही; मोडल्यावरच कळतं. माझी पाळी तर चाळिशीच्या आतच गेली. मणकेही दबलेत, उंची कमी झालीय. साडी पायात लोळते म्हणून मी साडीलाच नावं ठेवत होते. गोळ्या दिल्यात, पण झिजलेलं सगळं भरून येत नाही म्हणे. ज्या पाठीनं भाताचे भारे वाहिले, ती आता शिंकेला भिते.

बरगडी सांधेल गं. पण पोर दारातच उभी राहते. "आजी, अजून रागावलीयेस?" नाही म्हटलं की धावत येते, आणि माझा हात आपोआप आडवा होतो. ती तशीच मागं फिरते. खरं सांगावं, तर आजीचं हाड आपण मोडलं, हे जन्मभर उरात घेऊन फिरेल. न सांगावं, तर आजीला आपण नकोशा झालो, असंच समजून मोठी होईल. मला काही सुचत नाही, कमळे. फार एकटं वाटतं.

दिवाळीला ये. दारातून धावत येऊन मिठी मारायची तुझी खोड, तशीच धावत ये. मी हात आडवा करीन. तू थांब, आणि वाईट वाटून घेऊ नकोस. स्वरदा बघत असेल. आजी कुणालाच जवळ घेत नाही, एवढं तरी तिला दिसू दे.

लांबूनच तुझी,
सारजाअक्का