संयत उत्तरार्ध

मयुरेश,

कुकरमध्ये खिचडी आहे, गरम करून घे. मी कॉलेज रोडला देवस्थळी सरांकडे चालले आहे. होय, ज्यांच्या जुन्या सिनेमावर परवा आपल्या पेजवर परीक्षण आलं, तेच.

"उत्तरार्धात दिग्दर्शक घाबरला आणि त्याने प्रेक्षकाला फसवलं," असं मी लिहिलं होतं. पेजवर टाकताना तू त्याचं "उत्तरार्ध संयत आहे" केलंस आणि खाली नाव मात्र माझंच ठेवलंस. विचारलं तर म्हणे, गावातला म्हातारा माणूस, कशाला दुखवायचं.

सकाळी त्यांचाच फोन आला. म्हणाले, "वल्लरी, उत्तरार्ध फसलाय हे मला सिनेमा केला तेव्हापासून माहितीये. वाटलं होतं, तू तरी सांगशील. तूही गोडच बोललीस की."

आता मूळ लिहिलेलं घेऊन जातेय, त्यांच्यासमोर बसून वाचणार. मी येईपर्यंत पेजवर माझं वाक्य परत आलेलं असू दे.

आणि भिंतीवर पडदा म्हणून लावलेली चादर काढू नकोस. आल्यावर तोच सिनेमा लावायचाय, मध्यंतराच्या पुढचा. तुला जो भाग संयत वाटला, तो चालू असताना तू सोफ्यावर घोरत होतास.

ताई